कंचा झालेला?

आमचे घरमालक कुणालाही भेटले की आधी हात जोडत, मग तब्येत विचारत आणि तिसऱ्या वाक्याला विचारत, "कंचा झालेला?"

कंचा म्हणजे कोणता. कोरोनाचा कोणता प्रकार झाला होता, असा तो प्रश्न. उत्तर 'डेल्टा' असं आलं की ते काळा गॉगल कपाळावर चढवून समोरच्याला नीट बघत आणि चहा मागवत. 'ठाऊक नाही' असं आलं की त्यांना कीव येई. आणि पुढे पुढे कुणी 'ओमायक्रॉन' म्हणालं, तर "बरं बरं" म्हणून ते बैलांकडे वळत.

बैल खरेच होते. डोंबिवलीच्या कडेला, जिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता त्यांच्या चार इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीत, त्यांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर, आम्ही भाड्याने राहतो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये माझी स्कूटर, घरमालकांची मोटार आणि त्यांच्या शर्यतीच्या बैलांची जोडी अशी रांग असते. सगळे त्यांना शेठच म्हणत. पांढरा कडक शर्ट, गळ्यात दोन चेन, पायात मात्र रबरी चप्पल. मी मूळचा ठाण्यातला, नौपाड्यातला. स्कूटरची सीट बैलाने चाटून चाटून सोलून काढली, ही तक्रार कुणाकडे करायची असते हे मला नौपाड्यात कुणी शिकवलं नव्हतं. मी ती शेठकडेच केली. ते म्हणाले, "साहेब, त्याना चव घेतली म्हंजे सीट ओरिजिनल हाय."

विषाणूंबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान या दावणीतून आलेलं होतं. ते मला समजावून सांगत, "जात बघायची, साहेब. यो डेल्टा म्हंजे भरलेला बैल. नुसता अंगाला घासला तरी माणूस आडवा. आणि यो नवा आलाय ना, ओमायक्रॉन, त्यो गोऱ्हा हाय. पळतो लय, पण अंगात दम नाय."

"पण शेठ, गोऱ्ह्याने एखाद्या म्हाताऱ्याला धडक दिली तर?"

"म्हाताऱ्याना रस्त्यात कशाला यायचा?"

मी एका कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करतो. कुणी आकडा सांगितला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. बायकोच्या मते हा स्वभाव नव्हे, आजार आहे. त्यामुळे शेठच्या आजारपणाची गोष्ट मी जितक्या लक्षपूर्वक ऐकली, तितकी दुसऱ्या कुणीच ऐकली नसेल. दुसऱ्या लाटेत ते कल्याणच्या एका खासगी हॉस्पिटलात होते. त्या दिवसांत आमच्याकडे फोन वाजला की कोण गेलं, हाच पहिला विचार यायचा. शेठ त्यातून परत आले याचा आम्हाला खरोखरच आनंद झाला होता. पण परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा ऑक्सिजन एक्क्याण्णव होता. पावसाळ्यात तो शहाऐंशी झाला. गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना एकोणऐंशी. दिवाळीच्या फराळापर्यंत बासष्टवर आला.

मी म्हटलं, "शेठ, या चालीने होळीपर्यंत तुमचा ऑक्सिजन संपेल."

"संपलेलाच!" ते म्हणाले. "म्हनून तर सांगतोय तुमाला."

ते घरी आले त्याच आठवड्यात नाक्यावर फ्लेक्स लागला. मध्यभागी गॉगल लावलेले शेठ, मागे वाघ, आणि वर अक्षरं : 'डेल्टाला चारी मुंड्या चीत करणारे आमचे शेठ.' खाली शुभेच्छुकांची रांग, एकेक चेहरा टपाल तिकिटाएवढा. त्या रांगेत मीही होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. भाडेकरारासाठी दिलेला पासपोर्ट फोटोच त्यांनी तिथे छापला होता, त्यामुळे सगळे शुभेच्छुक हसत होते आणि मी एकटाच पोलिसांना हवा असल्यासारखा दिसत होतो.

निर्बंध उठल्यावर शेठनी एक प्रथा सुरू केली. महिन्यातून एका रविवारी बैलांच्या शेजारी मटणाचं जेवण. आमंत्रण फक्त ज्यांना झालेला त्यांना. मांडववाल्याकडून त्यांनी लग्नात नवरा-नवरीला बसवतात तसल्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या कायमच्या विकत आणल्या होत्या. एकीवर स्वतः बसत. दुसरी कुणाला द्यायची हे चौकशी करून ठरे. डेल्टात ऑक्सिजन लागलेला माणूस मखमलीवर. डेल्टातच पण साध्या वॉर्डात असलेला, तर गादीच्या खुर्चीवर. घरीच बरा झालेला, तर प्लॅस्टिकच्या. त्या थंडीत मला ओमायक्रॉन झाला, म्हणजे सगळ्या शहराला तेव्हा जो होत होता तो झाला. बरा होऊन जेवायला गेलो तर शेठनी माझ्या हातात पाण्याचा जग दिला.

"तुमी वाढायला घ्या, साहेब."

त्याच जेवणाला कल्याणच्या बाजारपेठेतले एक धान्याचे व्यापारी आले होते. त्यांना त्याच थंडीत चार दिवस हॉस्पिटलात काढावे लागले होते आणि पुढच्या फ्लेक्सवर आपला फोटो यावा अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी फोटो पाकिटातून आणलाही होता.

"चार दिवस अॅडमिट होतो, शेठ. सलाईन लावलेली."

"ओमायक्रॉनला चार दिवस?" शेठनी हाड बाजूला ठेवलं. "तुमी झोपायला गेलेले काय?"

सगळे हसले. व्यापारी फोटो पाकिटात ठेवून मटणाकडे वळले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि मी जग खाली ठेवून बोललो. मी म्हटलं, शेठ, हा प्रकार सौम्य आहे असं म्हणतात ते सगळ्या लोकांची सरासरी काढून. त्यात तरणे आले, लस घेतलेले आले, आधी एकदा होऊन गेलेले आले. सरासरीला ताप येत नाही, माणसाला येतो. आणि ज्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं, त्याच्यापुरती ती सरासरी तिथेच संपली. बाकीचे लाख लोक घरी बरे झाले, याचा त्याला काय उपयोग?

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी आकडे बघता, साहेब. मी जनावर बघतो."

शेठच्या घरात बोलायला एकच माणूस त्यांच्या तोडीचं होतं, ते म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाच्या पेशंट. शेठ ऑक्सिजनची गोष्ट सांगायला लागले की त्या आतून ओरडत, "आज किती? उतरला का आनखी?" बैलांना चारा त्याच घालत आणि बैल त्यांचंच ऐकत. त्यांनी लस मात्र घेतलेली नव्हती. का, तर शेठनी त्यांना सांगितलं होतं की घरात एकाला डेल्टा होऊन गेला की त्याची ताकद सगळ्या घराला मिळते. मी त्यांना दोनदा समजावलं होतं, माझ्या बायकोने तर केंद्रावर घेऊन जायची तयारी दाखवली होती. वहिनी म्हणाल्या, "सुई मना सोसत नाय, आनि यांची बडबड सोसतेय ती पुरे हाय."

त्या जेवणानंतर थोड्याच दिवसांत वहिनी आजारी पडल्या. ताप, अंगदुखी, खोकला. तपासणीत कोरोना निघाला. शेठ खाली बैलांना खरारा करत होते. म्हणाले, "गोऱ्हा हाय, गोऱ्हा. दोन दिवसांत जाईल." दोन दिवसांत ताप उतरला, पण वहिनींचा आवाज गेला. आतून ओरडणं बंद झालं. आमच्या घरात ती शांतता आधी माझ्या बायकोला ऐकू आली. ती ऑक्सिमीटर घेऊन वर गेली आणि पाच मिनिटांत तिने मला हाक मारली.

वहिनी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. "बस... भावजी," असं म्हणून त्या मध्येच थांबल्या. बसा म्हणायलाही त्यांना दोन श्वास लागत होते. ऑक्सिमीटरवर सत्त्याऐंशी दिसत होतं. शेठनी ते यंत्र काढून स्वतःच्या बोटाला लावलं, मग झटकलं, मग पुन्हा वहिनींच्या बोटाला लावलं. आकडा तोच.

मी म्हटलं, "शेठ, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"ओमायक्रॉनला?" त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "साहेब, मी त्या कल्याणवाल्याला सगळ्यांसमोर काय बोललो? आता माझीच बायको अॅडमिट? गावात मना तोंड दाखवायला जागा राहील?"

"त्यांना श्वास घेता येत नाहीये."

"खोकून दमली ती. गोऱ्ह्याना कोन मरत नाय, साहेब."

मी आकडे सांगायला लागलो. वय, साखर, लस नाही. ते ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर जनावर होतं आणि ते जनावर लहान होतं. तेवढ्यात माझी बायको शांतपणे म्हणाली, "शेठ, पण हा ओमायक्रॉनच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेठ थांबले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही. मला ते जमत नाही. लग्नापूर्वी माझी उंची विचारली होती तेव्हासुद्धा मी चपला काढून सांगितली होती. मी मनात वाक्य तपासून घेतलं आणि म्हटलं, "डेल्टा नाही असं अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही."

शेठनी वहिनींकडे नव्या नजरेने पाहिलं. त्यात भीती होती आणि, देवाशपथ सांगतो, थोडा अभिमानही होता. पुढच्या क्षणी ते जिना उतरत होते आणि मोटारीची चावी कुठे आहे म्हणून साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडत होते.

हॉस्पिटल तेच, ज्यात ते स्वतः होते. वहिनींना लगेच वर नेलं. नातेवाइकांना वर सोडत नव्हते, आम्ही खाली बाकावर बसलो. दुपारी एक डॉक्टर खाली आल्या. तरुण होत्या, मास्कच्या वर दिसणारे डोळे जागरणाने सुजलेले होते.

"काका, ऑक्सिजन बराच लागतोय. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. साखरही फार वाढलीये. जरा आधी आणायला हवं होतं."

शेठ उभे राहिले. "डेल्टा हाय ना?"

"काय?"

"डेल्टा. एवढा जोर दुसऱ्या कुनाचा नाय. मी याच हास्पिटलात होतो. तुमी तपासा, कागदावर लिहून द्या."

"काका, ती तपासणी वेगळी असते. ती अशी एकेका पेशंटला सांगायला करत नाहीत. थोडे नमुने बाहेर जातात, शहरात काय चाललंय ते बघायला. सध्या बहुतेक सगळीकडे ओमायक्रॉन आहे, म्हणजे यांनाही तोच असेल."

"तो तर सौम्य हाय."

डॉक्टर म्हणाल्या, "बाहेर सौम्य असेल, काका. आधीपेक्षा खूप कमी लोक वर येतायत, हे खरंच आहे. पण जे येतात ते सौम्य असतात म्हणून येत नाहीत. माझ्या वॉर्डात सौम्य पेशंट कुणीच नाही. मी ऑक्सिजन किती लागतो ते बघते. नाव विचारून तो कमी होत नाही."

त्या वळल्या तेव्हा शेठनी मागून विचारलं, "मंग मना डेल्टा झालेला, ते कोनी सांगितला?"

"मला कसं माहीत असणार? तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी म्हटलं, "त्या दिवसांत बहुतेक डेल्टाच होता, शेठ. अंदाज बरोबर असेल." त्यांनी मान हलवली आणि ते बाहेर चालू लागले. मी मागोमाग गेलो.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. शेठनी चहा घेतला, पण प्यायला नाही. गॉगल खिशात होता. मग ते बोलले, आणि ते माझ्याशी बोलत होते की चहाशी, ते कळत नव्हतं.

"माझ्या बाजूच्या कॉटवर एक होता. विठ्ठलवाडीचा. शिलाईच्या कारखान्यात मास्तर. माझ्यापेक्षा धा वर्षांना लहान. आमी दोघा पैज लावायचो, त्या बोटाच्या मशिनीवर कोनाचा आकडा मोठा येतो. त्यो जिंकायचा, साहेब. तीन दिवस त्योच जिंकला. चौथ्या दिवशी त्याला आत नेला."

"मग?"

"मंग काय. मी घरी आलो."

त्यांचे आकडे महिन्यामहिन्याला का घसरत होते ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्या मास्तरचा आकडा शेवटी कुठे गेला असेल, तिथपर्यंत शेठ स्वतःचा आकडा नेत होते. बैल मोठा होता आणि आपण त्याला अंगावर घेतला, म्हणून आपण जगलो, असं त्यांना मानायचं होतं. गोऱ्ह्याने माणूस मरत असेल, तर मग बैलाच्या तावडीतून वाचण्यात आपली मर्दुमकी कसली? मग नुसतंच वाचलो. आणि तो नुसताच गेला.

"माझा आकडा एक्क्याण्णवच्या खाली कंधीच गेला नाय," शेठ म्हणाले. "तुमी हिशेबवाले. तुमाला सांगून ठेवतो."

पुढचे काही दिवस ते रोज हॉस्पिटलच्या बाकावर बसायला जात. वर सोडत नसत तरी जात. बैलांना चारा घालायचं काम माझ्याकडे आलं. बैलांनी ते दोन दिवस मान्य केलं नाही, तिसऱ्या दिवशी नाइलाजाने खाल्लं. शेठ संध्याकाळी येत तेव्हा मी ऑक्सिजन किती लागला ते विचारत असे, आणि ते जेवढा होता तेवढाच आकडा सांगत. वर नाही, खाली नाही. एकदा वाढला तेव्हाही तसाच सांगितला, फक्त सांगताना भिंतीला हात टेकला. मग तो हळूहळू उतरायला लागला. एका सकाळी शेठनी फोन केला आणि "साहेब, ती शिव्या देते" एवढंच बोलून ठेवून दिला. मी बायकोला म्हटलं, वहिनी सुधारल्या.

त्या घरी आल्या तेव्हा बारीक झाल्या होत्या. जिना चढायच्या आधी दम घ्यायला त्यांना पार्किंगमध्येच बसवायचं ठरलं. शेठनी लाल मखमलीची खुर्ची स्वतः उचलून आणली. वहिनी बसल्या आणि त्यांनी गुदमरल्यासारखा चेहरा केला.

"याच्यात मानूस बुडतो. मना पलास्टिकची द्या."

प्लॅस्टिकची आली. बैलांनी दावं ताणून माना त्यांच्याकडे केल्या होत्या. शेठ समोर उभे राहून म्हणाले, "मी बोललो गोऱ्हा हाय. गोऱ्ह्यानाच एवढा केला."

"आवो, त्या गोऱ्ह्याला काय बोलता?" वहिनी थांबत थांबत म्हणाल्या. "माझ्या अंगाची गाडी कंची होती ते बघा ना. जुनी, साखरेनी भरलेली, आनि सुईचा वंगन घालतो बोलला तर तुमी नको बोललात. हिला कुत्रा धडकला असता तरी मोडली असती."

शर्यतीच्या माणसाला गाडीचा मुद्दा खोडता येत नाही. पुढे लस घ्यायची वेळ आली तेव्हा ते वहिनींना घेऊन गेले, आणि स्वतःचा राहिलेला डोसही घेऊन आले. सुईला ते वहिनींपेक्षा जास्त घाबरतात हे त्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं.

वहिनी घरी आल्यावर महिन्याभराने नाक्यावर नवा फ्लेक्स लागला. मध्यभागी वहिनी. वाघ नव्हता, दोन्ही बाजूंना दोन बैल होते. वर एवढंच : 'आजारातून बऱ्या होऊन घरी आल्याबद्दल अभिनंदन.' कोणता आजार, कोणता प्रकार, काही नाही. खाली शुभेच्छुकांची रांग. डावीकडे मी, त्याच भाडेकरारातल्या चेहऱ्याने. शेजारी कल्याणचे व्यापारी, फोटो अखेर पाकिटातून बाहेर आलेला. मग गॉगल न लावलेला एक माणूस, ज्याला मी पटकन ओळखलं नाही. ते शेठ होते, तेवढेच टपाल तिकिटाएवढे. आणि त्यांना खेटून एक अनोळखी चेहरा, बारीक मिशी, गळ्यात मोजमापाची टेप.

"हे कोण, शेठ?"

"विठ्ठलवाडीला गेलेलो. त्याच्या बायकोकडनं आनला."

"पण ते तर..."

"शुभेच्छा द्यायला कोन अडवतो त्याला?" शेठ म्हणाले.

आम्ही फ्लेक्सखाली उभे होतो तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले एक ओळखीचे थांबले. त्यांनी वर पाहिलं, वहिनींना ओळखलं आणि शेठना त्यांच्याच रिवाजाप्रमाणे, आपुलकीने विचारलं, "कंचा झालेला?"

शेठनी गॉगल काढला नाही, कारण तो घातलेलाच नव्हता.

"मना ठाऊक नाय," ते म्हणाले. "चला, चहा घ्या."